जव्हारच्या पठाराकडे (भाग दुसरा)

सोमवार, डहाणू

पठार म्हणजे लडाखच, असं मानणाऱ्यांनी हा भाग सोडून द्यावा. आमचं पठार जव्हारचं, उंची जेमतेम ४५० मीटर. डिसेंबर असल्यानं इथे वाड्यांमध्ये चिकूची तोडणी चालू आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तोडणाऱ्या हातांवर मात्र कुठलंच लेबल नाही. टोपली उचलणाऱ्या एका बाईंना विचारलं, कुठल्या तुम्ही? ‘मोखाड्याकडच्या. दिवाळी झाली का उतरतो.’ आम्ही चढणार, त्या उतरलेल्या.

मंगळवार, तलासरी

झरीला जाऊन आलो. मे १९४५ मध्ये इथे वारली जमले आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं ठरवून उठले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर सोबत होते. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवराबायकोनं त्याच्याकडे राबत राहायचं, हा तो लग्नगडी. बाकी दिवस एसटीची वाट बघण्यात गेला.

बुधवार, कासा

चारोटीला महामार्ग ओलांडणं हा या मोहिमेतला सगळ्यात धोक्याचा टप्पा. जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी. चैत्र पौर्णिमेला यात्रा भरते, तेव्हा देवीच्या गडावर जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा ध्वज चढतो, तो चढवतात वाघाडी गावच्या सातवी कुटुंबातले पुजारी. म्हणजे देवीच्या निमित्तानं पठार आणि किनारपट्टी आधीपासूनच जोडलेली. रस्ता नंतर आला. पुढे तलवाडा. ऑक्टोबर १९४५ मध्ये इथल्या पोलीस गोळीबारात जेठ्या गांगड आणि इतर वारली मारले गेले. आमची जीप तिथे चहालाही थांबली नाही.

गुरुवार, जव्हार

विक्रमगड सोडलं की घाट लागतो, हवा कोरडी होते, कुडाची घरं दिसू लागतात. उतारावर नागली-वरईची कापून मोकळी झालेली शेतं. पाऊस इथे धो-धो पडतो, तरी उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो: खाली कातळ, जमीन उताराची, पाणी थांबतच नाही. तिकडे सूर्या धरणात अडवलेलं पाणी थेट वसई-विरारची तहान भागवतं. पाणीही उतरतं, माणसंही. शिरपामाळ, जयविलास राजवाडा ही पाहुण्यांना दाखवायची ठिकाणं, तीही पाहिली. पण लक्षात राहिला तो स्टँड. बोचकी, पोरं, कोंबड्या घेऊन वीटभट्ट्यांकडे निघालेली माणसं, आणि चढून आलेली आमची जवळपास रिकामी जीप.

उद्या मोखाडा. चालक म्हणाला, ‘जाताना पाय पसरून बसा. येताना उभ्यानं यायची तयारी ठेवा.’