मिहिंतलेच्या डोंगरावरचा जमाखर्च

आपल्या समाजात प्रवास म्हटला की दीक्षाभूमी, चैत्यभूमी, फार तर बुद्धगया. तोही लेकराबाळांसह, भाकरीचे गाठोडे काखेत मारून, रेल्वेच्या साध्या डब्यातून. त्या प्रवासाला आपण सहल म्हणत नाही. नवराबायको दोघेच डोंगर बघायला परदेशी निघाले, ही तर आमच्या वस्तीत अजूनही थट्टेची गोष्ट आहे. "लग्नानंतर राहिलेलं फिरणं आता उरकता काय?" असे आम्हाला तोंडावर विचारणारे कमी नव्हते.

ही थट्टा पचवून आम्ही उभयतांनी मागच्या वर्षी श्रीलंकेचा सोळा दिवसांचा प्रवास केला. मी कारकून माणूस. पत्नी घरी शिवणकाम करते आणि गल्लीतल्या पंचवीस बायकांची भिशी चालवते. सात वर्षे आम्ही पैसे बाजूला टाकले. तिच्या भिशीचे दोन नंबर, माझी पतसंस्थेतली ठेव आणि साठवलेली अर्जित रजा, एवढे भांडवल. हिंगोलीहून पूर्णा, पुढे गाड्या बदलत चेन्नई आणि चेन्नईहून दीड तासाचे विमान. विमानात तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मीही सोडवून घेतला नाही.

श्रीलंकाच का? तर १९५० साली डॉ. बाबासाहेब माईसाहेबांना बरोबर घेऊन तिथे गेले होते. कँडी येथे जागतिक बौद्ध परिषद भरली होती. धम्म तिथल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात कसा आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. त्यानंतर सहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात आपल्या आईवडिलांचे, आजीआजोबांचे आयुष्य बदलले. ते काय पाहून आले असतील, ही उत्सुकता मला शाळेपासून होती.

कोलंबो झाले, कँडी झाले. मग आम्ही अनुराधपूरला चार दिवस यात्रेकरूंच्या विश्रांतिगृहात मुक्काम केला. संघमित्रा थेरींनी भारतातून आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा वृक्ष तिथे आजही उभा आहे. तेथून बारा-तेरा किलोमीटरवर मिहिंतलेचा डोंगर. सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ज्येष्ठ पौर्णिमेला याच डोंगरावर आले, असे तिथले लोक मानतात. जाऊन-येऊन एका दिवसाचे काम म्हणून सकाळच्या बसने निघालो.

डोंगर सुमारे १००० फूट उंच. पायऱ्या १८४०. आकडा ऐकून मी पत्नीच्या गुडघ्यांकडे पाहिले. रस्ता अर्ध्या डोंगरापर्यंत जातो, तेव्हा रिक्षा करू म्हणालो. ती म्हणाली, "हळदीच्या रानात दिवसभर उकिडवी बसत होते तवा कुनी रिक्षा आनली होती? चला." लहानपणी तिने वसमतच्या बाजूला दुसऱ्याच्या शेतात हळद काढली आहे. त्यापुढे मी काय बोलणार!

पायऱ्या मात्र दयाळू निघाल्या. सुरुवातीच्या रुंद आणि बुटक्या, दोन्ही बाजूंना चाफ्याची झाडे. पायऱ्यांवर फुले पडलेली. पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे चढत होती. म्हातारी माणसे मध्येच बसत, नातवंडे पुढे पळत, माकडे पिशव्यांवर टपलेली. पत्नीने जयंतीची पांढरी साडी नेसली होती. एका आजीबाईने तिच्याकडे पाहून हात जोडले, ओंजळीतली अर्धी फुले तिच्या हातात ओतली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण वर स्तूपाजवळ दोघींनी शेजारी बसून त्रिसरण-पंचशील म्हटले, तेव्हा शब्द जवळजवळ तेच निघाले. चाल तेवढी वेगळी.

ज्या जागी महिंद थेर आणि देवानंपिय तिस्स राजा यांची भेट झाली, तिला अंबस्थल म्हणतात. सिंहली भाषेत आंब्याला अंब म्हणतात, हे ऐकून पत्नीला फार हसू आले. कथा अशी सांगतात की राजा शिकारीला आला होता. थेरांनी त्याला आधी उपदेश केला नाही, आंब्याच्या झाडावरून प्रश्न विचारले. हे झाड कोणते, असे आणखी आंबे आहेत का, आंब्याखेरीज इतर झाडे आहेत का, आणि ते सगळे सोडून काय उरते? राजाने विचार करून सांगितले, हाच समोरचा आंबा. माणूस विचार करतो, ही खात्री झाल्यावर मग धम्म सांगितला. आपल्या मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वर आराधना गला नावाचा उभा कातळ आहे. खडकात खोदलेल्या पायऱ्या आणि हाताला लोखंडी कठडा. वारा असा की पदर सांभाळावा की कठडा धरावा हे कळेना. माथ्यावरून पाहिले तर खाली हिरवे रान, मधूनमधून तळ्यांचे पाणी चमकणारे आणि दूर अनुराधपूरचे स्तूप झाडांतून वर आलेले. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "मायनं बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली. डोंगर म्हनला की तिला खडीच आठवायची. हे तिला दावाया पाहिजे होतं."

मग तिने एक गोष्ट सांगितली, जी बावीस वर्षांच्या संसारात मी ऐकली नव्हती. आई दुष्काळी कामावर जायची, तेव्हा मुकादम दर आठवड्याला हजेरीपटावर अंगठा घ्यायचा. पटावर किती दिवस लिहिले आणि किती पैसे लिहिले, हे आईला शेवटपर्यंत कळले नाही. हातात जे पडले ते तिने घेतले.

ही गोष्ट डोक्यात घेऊनच आम्ही खाली उतरू लागलो. वाटेत जुन्या विहाराचे अवशेष आहेत. भिक्खूंची भोजनशाळा, तिथे भातासाठी अखंड दगडात कोरलेली लांब डोणी. तिच्या जवळच दोन मोठ्या शिळा उभ्या आहेत, वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरलेल्या. मला वाटले, सूत्र कोरले असेल. पांढऱ्या कपड्यांतले एक निवृत्त शिक्षक तिथे नातवाला समजावून सांगत होते. त्यांनी सोप्या इंग्रजीत आम्हालाही सांगितले. हा दहाव्या शतकातला, चौथ्या महिंद राजाचा लेख. विहाराचा कारभार कसा चालवावा याचे नियम. कोणत्या सेवकाला किती धान्य, किती जमीन. रोजचा खर्च रोज वहीत लिहायचा. वही पेटीत कुलुपबंद ठेवायची. महिन्याचा हिशोब महिन्याला करायचा आणि वर्षअखेरीस वर्षाचा ताळेबंद भिक्खू संघासमोर मांडायचा.

मी बी.कॉम. झालो तो रात्री कंदिलाशेजारी बसून. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द माझ्या पोटापाण्याचे. ते हजार वर्षांपूर्वी एका डोंगरावर दगडात कोरलेले असतील, असे स्वप्नातही आले नव्हते. मी त्या शिळेपुढे तसाच उभा राहिलो.

कारण घरी आमच्या विहाराचा वाद पेटलेला होता. सभागृहासाठी अनेक वर्षे वर्गणी जमा झाली. मोलकरणींनी दिली, हमालांनी दिली. एका तरुणाने बैठकीत हिशोब मागितला आणि ज्येष्ठ मंडळी संतापली. "आमच्यावर विश्वास नाही?" झाले, दोन गट पडले, त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकाही दोन निघाल्या. मी खजिनदार व्हावे असा आग्रह दोन्हीकडून चालला होता. मी अजून होकार दिलेला नव्हता.

मी पत्नीला शिळेवरचा मजकूर मराठीत सांगितला. ती म्हणाली, "मंग नवीन काय? भिशीत आमी तेच करतो. दर महिन्याला समद्यांदेखत वाचून दावतो. कुनी रुसत न्हाई. वाचून दावलं न्हाई तर रुसतील."

श्रीलंकेबद्दल एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. याच देशात १९८३ पासून २००९ पर्यंत यादवी युद्ध झाले, हजारो माणसे मेली. २०२२ साली तिथे पेट्रोल आणि गॅससाठी रांगा लागल्या, लोक रस्त्यावर उतरले. पवित्र डोंगर जवळ असला म्हणून माणसे आपोआप चांगली होत नाहीत आणि राज्यकर्तेही होत नाहीत. त्या राजालाही हे ठाऊक असावे. ज्यांनी घरदार सोडले, त्या भिक्खूंच्या विहारालाही त्याने वही, पेटी आणि कुलूप लावून दिले. यात भिक्खूंचा अपमान झाला असे कोणी म्हटले असेल काय? दान देणाऱ्याचा त्यात मान आहे.

परत आल्यावर मी खजिनदारपद घेतले, एका अटीवर. दर पौर्णिमेला वंदनेनंतर महिन्याचा जमाखर्च मोठ्याने वाचायचा. वहीवर तीन सह्या, त्यातली एक महिला मंडळाची. पत्नीने आणखी एक मुद्दा लावून धरला. भिंतीवर कागद चिकटवून भागणार नाही, वाचूनच दाखवायचे, कारण वस्तीत अजून अंगठा देणाऱ्या बाया आहेत.

पहिल्या पौर्णिमेला चार ज्येष्ठ उठून गेले. दुसऱ्या पौर्णिमेला दोन. तिसऱ्या वेळी त्यांतलेच एक बाबा मागे बसून ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला आणि विचारले, "दिव्याच्या वायरीला तीनशे चाळीस कसे लागले?" सगळे विहार हसले. मी पावती काढून दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून नीट पाहिली आणि शेजारच्या बाईकडे दिली. तिने पुढच्या बाईकडे. वाचता येणाऱ्या आणि न येणाऱ्या सगळ्यांच्या हातांतून ती पावती फिरून माझ्याकडे आली, तेव्हा मी पुढचा आकडा वाचला.

जय भीम.