पन्नासच्या नोटेवरचा रथ

बँकेत कॅशच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाने जग पाहिलेलं नसतं, असा एक गैरसमज आहे. वास्तविक आमच्याइतका भारत दुसऱ्या कुणाच्या हातून जात नसेल. दहाच्या नोटेवर कोणार्क, विसाच्या नोटेवर वेरूळ, शंभरावर पाटणची राणीची वाव, दोनशेवर सांची आणि पाचशेवर लाल किल्ला. ही सगळी यात्रा मी दिवसातून अनेकदा करतो, तीही बसल्या जागी, ओल्या स्पंजाला बोट लावून. दोन हजारांच्या नोटेवर तर मंगळयान होतं. त्या सहलीला रजा मंजूर होणं अवघडच होतं. पण मी अर्ज करायच्या आत, २०२३ साली, ती नोटच मागे घेतली गेली आणि प्रश्न मिटला.

यांपैकी प्रत्यक्ष पाहिलेलं म्हणजे एकटं वेरूळ, तेही शाळेच्या सहलीत. त्या सहलीतला बटाट्याच्या भाजीचा डबा मला कैलास लेण्यापेक्षा स्पष्ट आठवतो. बाकीच्या ठिकाणांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पन्नासच्या निळ्या नोटेवरचा तो हंपीचा दगडी रथ! २०१७ साली ही नोट आली तेव्हापासून तो शंभर-शंभरच्या पाकिटांनी माझ्यापुढून जातो आहे. पाकीट अंगठ्याखाली फरफरवलं, की आता हा रथ सिनेमातल्यासारखा पळणार असं वाटतं. तो पळत नाही. मग एके दिवशी मी ठरवलं, की तो हलत नाही तर आपण हलावं.

हलायचं कधी, हे बँकवाल्याच्या घरी कालनिर्णय ठरवतं. २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार आम्हांला सुट्टी मिळू लागली आणि तेव्हापासून चतुर्थी-एकादशीच्या आधी आमची नजर शनिवारांवर जाते. २०२६ च्या कालनिर्णयाच्या पहिल्याच पानावर मला घबाड सापडलं. चोवीस जानेवारी चौथा शनिवार, पंचवीसला रविवार, सव्वीसला सोमवार. पुढे शुक्रवारची एक किरकोळ रजा जोडली की चार दिवस. (तिला किरकोळ रजा कोण म्हणालं कोण जाणे. साहेबांच्या टेबलापुढे उभं राहून एकदा मागून पाहावी!)

पण जोडून सुट्टी आली, की साऱ्या महाराष्ट्राला बाहेर पडावंसं वाटतं आणि बाहेर पडलेल्यांपैकी निम्मे पंचवटीत येतात. आमचं घर रामकुंडापासून चालत सात मिनिटांवर. एवढ्या एका गुणावर आम्ही नातेवाइकांत कमालीचे लोकप्रिय आहोत. लग्नाला सतरा वर्षं झाली. एकही जोडसुट्टी आम्ही स्वतःची म्हणून पाहिलेली नाही. पाहुण्यांना रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर, मध्ये पिठलं-भाकरी आणि जाताना चिवडा, हा कार्यक्रम ठरलेला. गाईडचं काम आई करते. सीतेला इथे ठेवलं, लक्ष्मण तिथे उभा होता, हे ती अशा थाटात सांगते, की जणू तेव्हा तीही पलीकडच्या वाड्यात राहत होती. हल्ली मात्र गुंफेत ती शिरत नाही. वाकून उतरावं लागतं. ती बाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसते.

तेव्हा पाहुण्यांचा फोन यायच्या आत बेत पक्का करायला हवा होता. रविवारी सकाळी सभा भरली. हजर : मी, ही, आई, चिरंजीव, सात माणसांच्या गाडीचे मालक या नात्याने मेव्हणा, आणि कोणत्याही नात्याने नव्हे, तर आवाज ऐकून खाली आलेले वरच्या मजल्यावरचे अण्णा.

मी कागदावर लिहिलं : पंचवटी ते हंपी, सातशे किलोमीटर, सोलापूर-विजापूर मार्गे.

"वाटेत शिर्डी लागते," अण्णा म्हणाले. "बाबांच्या दारावरून नुसतं जायचं?"

"सोलापूरला जाऊन तुळजापूर टाळलं तर माहेरचे काय म्हणतील?" ही म्हणाली.

मेव्हण्याने अक्कलकोट सुचवलं. वास्तविक त्याचं लक्ष सोलापूरच्या शेंगाचटणीवर होतं, पण चटणीपेक्षा स्वामींचं नाव घेणं बरं दिसतं. आईने पंढरपूर सांगितलं आणि त्यावर मतदान घ्यायची हिंमत कुणाला झाली नाही. चिरंजिवांना गोलघुमट हवा होता, कारण तिथे एकदा ओरडलं की आवाज सात वेळा ऐकू येतो.

"जाऊ या," ही म्हणाली. "याला एकदा सांगितलेलं सात वेळा ऐकू येईल अशी जगात तेवढी एकच जागा आहे."

मी कॉमर्सचा पदवीधर. देवळांची यादी झाल्यावर मी खालती रेघ मारून ताळेबंद मांडला. जमेला चार दिवस, म्हणजे शहाण्णव तास. खर्ची : जाऊन-येऊन गाडीत तीस, तीन रात्रींची झोप एकवीस, आंघोळी आणि जेवणं सोळा, मेव्हण्याचे चहा पाच, पंढरपूरची रांग सहा, तुळजापूर पाच, अक्कलकोट चार, विजापूर चार, शिर्डी (अण्णांच्या ओळखीने) तीन. एकूण चौऱ्याण्णव. शिल्लक तास दोन. ते हंपीला.

मला त्या विजयनगरची खरोखर दया आली. १३३६ साली वसलेलं शहर; १५२० च्या सुमारास पाएस नावाचा पोर्तुगीज तिथे आला आणि हे रोमएवढं मोठं आहे असं लिहून गेला; पुढे १५६५ ला तालिकोटची लढाई झाली आणि त्या शहराची धूळधाण उडाली. दोनशे एकोणतीस वर्षांचा कारभार आणि आम्ही त्याला दोन तास देणार! म्हणजे तासाला एकशे साडेचौदा वर्षं. एवढ्या वेगाने तर आमच्या बँकेत पासबुकंही भरून मिळत नाहीत.

मग काटछाट सुरू झाली. पदर खोचून हिने पेन घेतलं. शिर्डी उडाली (अण्णा वर निघून गेले), अक्कलकोट उडालं, आणि माहेरचा मान राखून तुळजापूर "परतताना वेळ मिळाल्यास" या सदरात गेलं, म्हणजे उडालंच. पंढरपूर आणि विजापूर राहिलं. हंपीला दीड दिवस निघाला. मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी काही येत नाही."

कारण विचारलं. तिच्याकडे एक नव्हे, दोन होती.

पहिलं विठोबाचं. हंपीत ज्या देवळापुढे तो रथ उभा आहे, ते विठ्ठलाचं देऊळ. आपल्याकडची कथा अशी, की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा विजयनगरला नेला आणि पैठणच्या भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, तो परत आणला. आज त्या देवळात गाभारा आहे, सुरेल वाजणारे छप्पन्न खांब आहेत, पण मूर्ती नाही. "देव इकडे परत आलाय," आई म्हणाली. "रिकाम्या घरी जाऊन काय कुलूप बघायचं?"

दुसरं मारुतीचं. तुंगभद्रेपलीकडे, आनेगुंदीजवळ, अंजनाद्री नावाची टेकडी आहे. हनुमान तिथे जन्मला असं कर्नाटकातले लोक मानतात. त्र्यंबकच्या वाटेवर आमची अंजनेरी असताना! याच प्रश्नावर २०२२ साली नाशिकला धर्मसभा भरली होती आणि ती हमरीतुमरीवर येऊन संपली. "त्या टेकडीला पाचशेपंचाहत्तर पायऱ्या आहेत म्हणे," आई म्हणाली. "मी त्या चढले म्हणजे त्यांचं खरं झालं."

मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात हिने डोळ्यांनी मला गप्प केलं आणि चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं.

"अहो, पायऱ्यांचा आकडा त्यांना कुणी सांगितला?"

"कुणी?"

"कुणी नाही. काल मुलाला मोबाईलवर बघायला लावला. तिथे चालायचं किती, बसायला कुठे मिळतं, सगळं विचारून घेतलंय. गुडघ्यांमुळे आपली सगळ्यांची अडचण होईल म्हणून हे मारुतीला पुढे केलंय."

मी गप्प झालो. चपलांचा ढीग आणि त्याच्याजवळ बसलेली आई माझ्या डोळ्यांपुढे आली. लोकांना गुंफा दाखवून ती म्हातारी झाली. विचार करा, आम्ही पंचवटीकर म्हणजे कायमचे अरण्यकांडाचे रहिवासी. शूर्पणखा इथे, कांचनमृग इथे, सीता पळवली ती इथून. पुढे काय झालं, ते किष्किंधाकांड, म्हणजेच हंपी, सातशे किलोमीटरवर. साऱ्या आयुष्यात आईला ते एक पान उलटायला मिळालं नव्हतं.

बाहेर येऊन मी तिच्याशेजारी बसलो. गुडघ्यांचा विषय काढला असता तर बेत तिथेच मोडला असता. म्हणून मी नुसतं सांगितलं, की हंपीत माल्यवंत नावाची टेकडी आहे, वर रघुनाथाचं देऊळ आहे, आणि गाडी थेट वरपर्यंत जाते. वालीला मारल्यावर पावसाळा लागला आणि रामाला पुढे निघता येईना. तेव्हा तो तिथे राहिला असं तिथले लोक सांगतात.

"किती दिवस?"

"चार महिने."

"चार महिने? सीतेचा पत्ता नाही आणि हा नुसता बसून?"

"पाऊस होता ना."

आईने बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "देवाला चार महिने बसावं लागलं," ती म्हणाली, "तर मी तासभर बसले म्हणून कुणी काही म्हणणार नाही. तुम्ही तुमचा रथ बघून या. मी रामापाशी बसेन." मग जरा थांबून, "अंजनाद्रीला मात्र मी लांबूनच नमस्कार करणार. चढणार नाही. आपला मारुती अंजनेरीचा."

ते कलम आम्ही एकमताने मंजूर केलं.

राहता राहिली बँक. साहेबांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चाव्या?" तिजोरीच्या चाव्या दोघांच्या ताब्यात असतात, आणि त्यांतला एक मी. सहलीला जाणाऱ्या कॅशियरला बायको-मुलांच्या आधी चाव्यांची सोय लावावी लागते. शेवटी एका सहकाऱ्याने शुक्रवारपुरत्या घेतल्या. मोबदला म्हणून मार्चअखेरच्या दोन संध्याकाळी मी त्याला लिहून दिल्या आहेत. सौदा तोट्याचा आहे, पण रथासाठी माणसं याहून महाग सौदे करून बसली आहेत.

आणि मग, जायला आठ दिवस असताना, रात्री साडेनऊला, तो फोन आलाच. जोगेश्वरीचे आतेभाऊ. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आहे, सगळे मिळून आठजण, मुलांना रामकुंड दाखवायचंय. मी "हो हो" करत वेळ काढू लागलो. नाही म्हणण्याचा सराव आमच्या घराण्यात कुणालाच नाही. आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"ये ना रे, जरूर ये," ती म्हणाली. "आम्ही नसू. आम्ही किष्किंधेला चाललोय. किल्ली वरच्या अण्णांकडे ठेवते. तांदूळ मोठ्या पिंपात आहेत, गाद्या माळ्यावर. गुंफा सकाळी लवकर बघा, नंतर रांग वाढते. आणि हे बघ, चपलांपाशी कुणालातरी बसव."