ग्लॅडिएटर आणि बाबा

परवा शनिवारी बाबांबरोबर 'ग्लॅडिएटर' (२०००) पुन्हा पाहिला. माझा कितव्यांदा ते विचारू नका! सिनेमाला ऑस्कर, रसेल क्रोला ऑस्कर, तरी रॉजर एबर्टने चारपैकी दोनच तारे दिले होते. बाबा एबर्टच्या पार्टीतले. "अरे, कॉमोडस आखाड्यात मेलाच नाही. १९२ साली एका पैलवानाने गळा दाबला त्याचा. त्याआधी १२ वर्षं एकट्याने राज्य केलं त्याने!"

मान्य. पण म्हातारा मार्कस मुलापुढे गुडघे टेकून, तुझ्यातले दोष हे बाप म्हणून माझंच अपयश, असं कबूल करतो ना, तिथे बाबा एकदम गप्प झाले. अ‍ॅडमिशनच्या वेळचं आमचं भांडण दोघांनाही आठवलं असावं. मग चहा टाकायला म्हणून तेच उठले. मी पॉज करून ठेवला.