लक्ष्मी आणि चोपडी

आमच्या खांबला तेल नाही. नागोठणे मागे पडून कोलाड अजून यायचे असले की मुंबई-गोवा रस्त्यावर आमचे गाव लागते. इथल्या जमिनीतून निघते ते भात, आणि तेही पावसाच्या मर्जीने! त्यामुळे जमिनीला भोक पाडताच पैसा वर येणाऱ्या देशांचा मला लहानपणापासून हेवा वाटे.

व्हेनेझुएलाची हकीकत वाचली आणि तो हेवा पार मावळला. जगातला सर्वांत मोठा तेलसाठा या देशाच्या पोटात आहे. सुमारे ३०० अब्ज पिंपे! १९६० साली 'ओपेक' उभी करण्यात त्यांचेच मंत्री पेरेझ अल्फोन्झो पुढे होते. पुढे हेच गृहस्थ तेलाला सैतानाची विष्ठा म्हणू लागले. त्यांचे कोणी ऐकले नाही. सरकारी तेल कंपनीत संप झाला म्हणून २००३ मध्ये चावेझ सरकारने १८ हजार माणसे घरी बसवली. जाणते हात गेले, यंत्रे गंजली. भाव चढे होते तेव्हा शिल्लक टाकली नाही. २०१४ मध्ये भाव कोसळले तेव्हा नोटा छापल्या. २००८ पासून २०२१ पर्यंत चलनावरची १४ शून्ये पुसावी लागली. ७० लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले. तेलाच्या पैशांतील गैरव्यवहाराची चौकशी निघाली, तेव्हा २०२३ मध्ये तेलमंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

तुम्ही म्हणाल, कुठे व्हेनेझुएला आणि कुठे खांब! पण आमच्या जिल्ह्यातलेच पेण पाहा. गणपतीच्या मूर्तींसाठी नावाजलेल्या या गावातल्या पेण अर्बन सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बोगस कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये गेल्याचे तपासात पुढे आले. सुमारे २ लाख ठेवीदारांचा पैसा अडकला. २०१४ मध्ये बँकेचा परवानाही रद्द झाला. तेलाचा थेंब नसताना तीच कथा! पैसा सर्वांचा, किल्ली चौघांच्या हाती, आणि वही उघडून पाहणारा कोणी नाही.

तेल नॉर्वेलाही सापडले. त्यांनी १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा वेगळा निधी केला आणि त्याचा जमाखर्च लोकांपुढे मांडला. तोच निधी आज त्या देशाचा मोठा आधार आहे.

लक्ष्मीला चंचल म्हणून आपण उगीच बोल लावतो. आपले व्यापारी तिच्या शेजारी चोपडी मांडतात, तेच खरे शहाणपण. मात्र हळदकुंकू वाहून चोपडी मिटून ठेवायची नसते. आपली पतपेढी, आपली गृहनिर्माण संस्था, आमची ग्रामपंचायत यांचा ताळेबंद सभेत वाचायला घेतला की आपण घड्याळ पाहू लागतो, चहा कधी येतो म्हणून विचारतो. यंदा चहा थोडा थांबू द्या. ताळेबंद हातात घ्या, आणि न कळलेल्या आकड्यावर बोट ठेवून उभ्या सभेत विचारा, "हे पैसे कुठे गेले?"