लिफ्ट, फोटो आणि रस्ट

संक्रांतीच्या आठवड्यात इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि गुडघ्यांमुळे मी घरातच अडकले. रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचं पुस्तक तेव्हा उघडलं. ही भाषाही म्हणे अशाच चिडीतून आली: 2006 मध्ये व्हँकुव्हरला ती रचणाऱ्या ग्रेडन होअर यांच्या इमारतीतल्या लिफ्टचं सॉफ्टवेअर कोलमडलं आणि ते जिन्याने एकविसाव्या मजल्यावर गेले. पहिली स्थिर आवृत्ती मात्र 2015 ची. चिडीला एवढा धीर असतो?

यंदाचा बेत लहानसाच. राजवाड्याजवळच्या जुन्या घरातले फोटो स्कॅन करून ठेवलेत. त्यातले दुबार शोधणारा प्रोग्रॅम लिहायचा. पायथनमध्ये चटकन झाला असता. पण रस्टचा कंपायलर आमच्या आजीसारखा, उसनं दिलेलं परत आल्याशिवाय पुढचं बोलूच देत नाही. मेमरीतली एखादी गोष्ट एका वेळी वाचणारे कितीही चालतील, किंवा मग बदलणारा एकटाच. ही तपासणी प्रोग्रॅम चालण्याआधीच होते, म्हणून सोडून दिलेली मेमरी चुकून पुन्हा वापरली जात नाही. अडवलं की राग येतो, मग एक विचित्र निश्चिंतीही वाटते. ती का, ते कळत नाही.

मुलगा पुण्याहून विचारतो, "आई, आता हे कशाला?" मी विषय बदलते. लाइफटाइमचं, म्हणजे उसनं किती काळ चालेल याचं, प्रकरण अजून डोक्यात शिरत नाही. असिंकचा धडा उन्हाळ्यानंतर बघू, आधी फोटो.