पंखावरची काच

सोयाबीन निघालं की लातूरकडे विमान उडवायला मोकळी रानं मिळतात, पण उतरवायला मिळत नाहीत. विळ्याच्या तिरक्या कापानं धसकटं इतकी टोकदार होतात की अनवाणी माणूस पाऊल टाकायला धजत नाही. थर्माकोलच्या पंखाची काय कथा! भाचा नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. तिथं विमानतळ शहराला खेटून, त्यामुळे रिमोटचं विमान उडवायची सोय नाही. सुट्टी लागली की अहमदपूरमार्गे येणाऱ्या एसटीत पंख मांडीवर धरून तो माझ्याकडे येतो. विमान सुखरूप उतरायचं आणि पंखाचं पोट तेवढं चाळण झालेलं असायचं. इस्त्रीनं चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म तर आमच्या उन्हातच सैल पडायची.

यावरचा उपाय जुना आहे. १९५७ साली जर्मनीत ‘फिनिक्स’ हे ग्लायडर उडालं, ते बाल्सा लाकडाच्या गाभ्यावर काचतंतूंची कातडी चढवून. माणूस बसणाऱ्या ग्लायडरला जे चालतं, ते आमच्या दीड किलोच्या खेळण्याला का चालू नये?

मराठवाड्यात फायबरचं काम म्हटलं की आधी कूलर डोळ्यांपुढे येतो. म्हणून पंख घेऊन ओळखीच्या एका कूलरवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो बोटानं दाबला आणि म्हणाले, “थर्माकोल हाय की हे. आमचं रेझिन लावलं की इरघळून जाईल.” खरं होतं. कूलरला वापरतात त्या पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोलला खातं. इपॉक्सी रेझिनमध्ये ते नसतं, म्हणून आम्ही इपॉक्सी घेतलं.

दुसरा प्रश्न वजनाचा. मिस्त्रींकडची काचतंतूंची हलक्यातली मॅट चौरस मीटरला ३०० ग्रॅमची. आमचा पंख दीड मीटर लांब, २५ सेंटीमीटर रुंद. खालीवर मिळून पाऊण चौरस मीटर. नुसती मॅटच सव्वादोनशे ग्रॅम झाली असती, वर ती दुप्पट रेझिन पिते. कुरिअरनं मागवलेलं काचतंतूंचं कापड चौरस मीटरला २५ ग्रॅमचं, म्हणजे सगळ्या पंखाला १९ ग्रॅम. ते नळीवर गुंडाळूनच मागवावं. घडी आली की तिचा वळ शेवटपर्यंत दिसतो. मिस्त्रींनी ते चिमटीत धरलं. “मलमल हाय का काय हे?”

काम उन्हाळ्यात काढलं आणि पहाटे सुरू केलं. दहा अंश तापमान वाढलं की इपॉक्सी हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो, आणि मे महिन्यातली आमची दुपार म्हणजे विचारूच नका. वाटीत साठवलेलं रेझिन-हार्डनरचं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेनं भडकून घट्ट होतं, म्हणून ते ताटलीत पसरून ठेवायचं. आमच्या रेझिनला हार्डनरचं प्रमाण वजनानं शंभराला दहा. कूलरवाले हवा बघून हार्डनर कमीजास्त करतात, त्यांचं ते जमतं. इपॉक्सीत जास्त हार्डनर घातला तर काम लवकर होत नाही, पंख चिकट राहतो. वीस ग्रॅमला दोन ग्रॅम, तेही दशांश दाखवणाऱ्या काट्यावर. हातमोजे हवेतच, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

कोरडं कापड पंखावर मऊ ब्रशनं बसवायचं, मध्यभागी थोडं रेझिन ओतायचं आणि जुन्या एटीएम कार्डानं कडांकडे ओढत न्यायचं. लावणं सोपं. अवघड आहे ते काढणं. कार्डानं निपटून झालं की टॉयलेट पेपरचा रोल वरून फिरवायचा आणि उरलंसुरलं टिपून घ्यायचं. कापडाची वीण दिसली पाहिजे. पंख काचेसारखा चमकायला लागला की समजावं, रेझिन जादा झालं. ताकद धाग्यांत असते, रेझिननं फक्त त्यांना जागेवर धरायचं. मिस्त्री मुद्दाम बघायला आले होते, त्यांना हे काही पटेना. “कपडा उपाशी ठेवलालाव तुम्ही.” त्यांच्या धंद्यात थर जाड म्हणजे माल पक्का. पाणी धरणाऱ्या टाकीला ते ठीकच आहे.

भाच्यानं कापड आडवंउभं न लावता तिरकं, ४५ अंशात लावायचा हट्ट धरला. “मामा, पंख वाकतो त्याहून पिळला जातो जास्त.” मला तो पुस्तकी वाटला होता, पण तिरक्या धाग्यांनी पिळाला खरोखरच अटकाव होतो, शिवाय असं कापड पुढच्या गोल कडेवरून सुरकुती न पडता वळतं. वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त मधल्या सांध्यावर. तिथं आधी रुंद, मग अरुंद अशा जाड कापडाच्या दोन पट्ट्या दिल्या. एकच पट्टी दिली तर ती जिथं संपते नेमका तिथंच पंख मोडतो. नाक खाली करून आपटलं तर यातलं काहीच वाचवत नाही, तेही सांगून ठेवतो.

वाळल्यावर वजन सुमारे चाळीस ग्रॅमनं वाढलं. पुढच्या सुगीनंतर त्याच रानात उतरवलं. पोटावर ओरखडे होते, भोक एकही नव्हतं.

मिस्त्रींना पंख दाखवायला नेला. त्यांनी अंगठ्यानं दाबला, टिचकी मारून आवाज ऐकला आणि कापडाचा मीटरचा भाव विचारला. भाव ऐकून हसले. “ह्याचा कूलर केला तर गिऱ्हाईक एसीच घेईल की.”