रंगमहालात रंगलेलं भांडण

बुलढाणा जिल्हा म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. शेगावची कचोरी आणि लोणारचं सरोवर. आम्ही चौघंही लाँग वीकएण्डला लोणारलाच निघालो होतो. वाटेत सिंदखेडराजाला थांबायचं असं काही ठरलेलं नव्हतं. थांबलो ते एका कादंबरीमुळे!

झालं असं, की एचआरवाल्या मैत्रिणीने गाडीत वाचायला ‘स्वामी’ घेतली. रणजित देसाईंची, १९६२ ची, थोरल्या माधवराव पेशव्यांवरची. आईची जुनी प्रत, पानं पिवळी पडलेली. संभाजीनगर मागे पडेपर्यंत तिचं एकच पालुपद, ‘‘माधवराव-रमाबाईंइतकी सुंदर लव्ह स्टोरी मराठीत दुसरी नाही.’’

गाडी चालवणारा मित्र टेस्टिंगमधला, त्यामुळे चुका काढणं हा त्याचा धर्मच. तो म्हणाला, ‘‘पानिपतानंतर ज्याने मोडलेलं राज्य उभं केलं, त्याची गोष्ट आहे ही. मला निजाम पाहिजे, हैदर पाहिजे. ही हुरहूर कशाला?’’ मागच्या सीटवर आमच्या टीममधली सगळ्यात धाकटी. तिने कानातले हेडफोन काढले. ‘‘नवरा १७७२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेला. बायको थेऊरला सती गेली. आणि तुम्ही याला रोमान्स म्हणता?’’

गाडीत शांतता. मी गप्प, कारण मी ती कादंबरी तीनदा वाचलीय आणि तिन्ही वेळा रडलेय. आमच्या आया तर पुस्तक वाचून रडल्या आणि १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा परत रडल्या. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या कादंबरीवर आपण कसं बोलणार, असंही एक असतंच ना!

जालन्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात सिंदखेडराजाची पाटी दिसली. ‘‘जिजाऊंचं माहेर. थांबू या,’’ मी म्हटलं. खरं तर मला विषय बदलायचा होता.

गाव छोटं, पण जुन्या दगडांनी भरलेलं. लखुजी जाधवरावांचा राजवाडा, जाड भिंतींचा काळाकोट, बांध घालून अडवलेला मोती तलाव. कुठे घडीव दगड, तर कुठे नुसतं गवत. आणि मग रंगमहाल. तिथे सावलीत बसलेल्या एका आजोबांनी न विचारताच सुरुवात केली. ‘‘ताई, इथंच रंगपंचमी झाली. जिजाऊ आन् शहाजी, लहान लेकरं, एकमेकांवर रंग टाकायले लागले. लखुजीराजे हसून म्हणले, जोडा शोभतो. मालोजीराजे तिथंच उठले, म्हणले, ऐकलं ना सगळ्यांनी? सोयरीक जमली!’’

एचआरवालीचा चेहरा खुलला. ‘‘बघ! असं काही ऐकलं की कादंबरी सुचणारच.’’

ही गोष्ट बखरींतून आलेली, आणि त्या बखरी घडल्या प्रसंगानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेल्या. टेस्टिंगवाल्याने ते लगेच ऐकवलंच. धाकटी मात्र बोटांवर काही मोजत होती. ‘‘जन्म १५९८. लग्न १६०५ च्या सुमाराला, म्हणजे सात वर्षांची. रंगपंचमीला त्याहून लहान. या वयात कसली लव्ह स्टोरी?’’

आजोबा हसले. ‘‘समाधी पाहिली का?’’ एवढंच म्हणाले.

लखुजीरावांची समाधी आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठी निघाली. भर दुपारी तिथे आम्हीच चौघं. रंगपंचमीची गोष्ट जिथे संपते, त्यापुढचं सगळं तिथे उभं राहून आठवायला लागलं. निजामशाहीत खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्यावरून जाधव-भोसल्यांच्या तलवारी भिडल्या. जिजाऊंचा भाऊ दत्ताजी गेला, सासरचा संभाजी गेला. सोयऱ्यांचे वैरी झाले. मग १६२९ मध्ये दौलताबादला निजामशहाच्या दरबारात लखुजीरावांना मुला-नातवासकट दग्याने मारलं. त्या वेळी जिजाऊ गरोदर होत्या. पुढच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले.

हिशेब केला तर पोटात मूल असताना माहेरची माणसं एका दिवसात गेली. आणि आपण सगळे सांगतो काय, तर रंग! मला स्वतःचीच गंमत वाटली. ‘स्वामी’तही मला पाठ आहेत ते रमाबाईंचे हळवे प्रसंग. थेऊरचा शेवट मी दर वेळी डोळे पुसत पुसत भराभर उरकलेला. देसाईंनी तो लिहिलाय, वाचणारीच पळ काढते.

एचआरवाली बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘तरी मला ती आवडतेच.’’ धाकटी म्हणाली, ‘‘आवडू दे की. मी कुठे नको म्हटलं?’’

जाणार असाल तर लोणारच्या आधी सिंदखेडराजाला निदान अर्धा दिवस ठेवा. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला इथे प्रचंड गर्दी लोटते. दगड निवांत बघायचे असतील तर तो दिवस टाळा, माणसं बघायची असतील तर मुद्दाम तोच गाठा. पाणी आणि टोपी हवीच.

लोणारला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. ‘स्वामी’ आता धाकटीच्या मांडीवर होती, आणि वाचताना तिला कुणी हाक मारलेली चालत नव्हती.